‘एसएस आहे, गंजणार नाही!’

आज घरी गेलात की एक छोटंसं काम करा. मोबाइलचा टॉर्च लावा, किचनमध्ये सिंकखालचं दार उघडा आणि आतली बिजागरी नीट बघा. दारात खोल बसवलेल्या कपाच्या कडा, स्क्रूची डोकी, स्प्रिंगच्या आतली फट. तुम्ही मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण किंवा पणजीत राहत असाल आणि ट्रॉल्या तीन-चार पावसाळे जुन्या असतील, तर तिथे तपकिरी भुकटी दिसण्याची शक्यता बरीच आहे. आता हॉलमधल्या कपाटाची बिजागरी बघा. ती बहुतेक ठणठणीत असेल. माल एकाच दुकानातला, एकाच दिवशी आणलेला, आणि बसवणारा सुतारही एकच.

मग एक गंजली आणि दुसरी का नाही? आणि दुकानात तर छातीठोकपणे सांगितलं होतं ना, ‘एसएस आहे, गंजणार नाही’?

बिजागरी हा विषय बाबा-काकांचा वाटेल, मान्य. पण आपल्या वयाची किती मुलं-मुली सध्या शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये राहतायत, पहिल्या पगारातून ऑनलाइन कपाट मागवतायत, किंवा घरच्यांनी कर्ज काढून घेतलेल्या घराचं इंटिरिअर ‘तूच बघ गं’ म्हणून अंगावर घेतायत, ते आठवा. लॅमिनेटचा रंग ठरवायला तीन रविवार जातात. बिजागरी मात्र ‘सुतार आणेल ती’. आणि गंज लागला की फक्त रंग जात नाही. खीळ घासते, दार लोंबायला लागतं, स्क्रूभोवतीचा बोर्ड ओल धरून फुगतो, भोक सैल होतं आणि मग त्या जागी नवा स्क्रूही धरत नाही. तळहाताएवढी वस्तू आख्खं कपाट घेऊन जाते. भाड्याचं घर असेल तर तेच डिपॉझिटमधून कापलं जातं. लॉफ्टचं दार डोक्याच्या वर असतं, हे वेगळं सांगायला नको.

मिठाला पाणी सुटतं तेव्हा

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतो, हे शाळेत शिकलोय. पण पाणी कुठून येतं? बिजागरीवर कोणी तांब्या ओतत नाही. याचं उत्तर किचनमध्येच आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत काय होतं? मिठाला पाणी सुटतं. आजी त्यात तांदळाचे दाणे टाकते, तरी सुटतंच. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता ८०च्या वर राहणं ही रोजची गोष्ट आहे.

आता समुद्रावरून येणारा वारा घ्या. लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि मिठाचे कण होऊन खिडकीतून घरात येतात. ते पडद्यावर बसतात, टीव्हीवर बसतात आणि बिजागरीवरही बसतात. तिथेही तेच घडतं, जे बरणीत घडलं. मिठाला पाणी सुटतं आणि धातूवर खाऱ्या पाण्याची पातळ साय तयार होते. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंज लागणं ही मुळात विजेचीच क्रिया आहे. म्हणून मिठामुळे गंजाचा वेग वाढतो. त्यातलं क्लोराइड आणखी एक उद्योग करतं, त्याच्याकडे येतेच.

त्यामुळे नागपूरच्या घरात दहा वर्षं निमूट चालणारी बिजागरी वर्सोव्यात दोन वर्षांत रडायला लागली, तर तिच्यात बिघाड झालाय असं नाही. तिचा पत्ता बदललाय. समुद्रापासून आत गेलं की हवेतलं मीठ झपाट्याने कमी होतं. पुण्यात बेडरूमच्या कपाटाला बोटीवर वापरतात त्या दर्जाचं स्टील लावायचा आग्रह कोणी करत असेल, तर तो तुमचे पैसे वाया घालवतोय.

सिंकखालची जागा मात्र पुण्यातही छोटं कोकणच असते. गळकी वेस्ट पाइप, कचऱ्याचा डबा, ओला पोछा, ब्लीचची बाटली आणि बंद दार. हॉलमधली बिजागरी का वाचली, ते इथे कळतं.

तोफ-बंदुकांतून निघालेलं स्टील

स्टेनलेस स्टीलची गोष्ट इंग्लंडमधल्या शेफील्डची. १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली नावाचा एक धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून लोखंडात क्रोमियम मिसळून बघत होता. भट्टीवर काम करणाऱ्या कामगाराचा हा मुलगा, बाराव्या वर्षीच शाळा सोडलेला. जवळपास १३ टक्के क्रोमियम असलेला त्याचा एक नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी ॲसिडने कोरायचा होता, पण ॲसिड त्यावर नीट चालेना. शेफील्ड म्हणजे सुऱ्या-चाकूंचं गाव, त्यामुळे त्याच्या डोक्यात लगेच जेवणाचे चाकू आले. त्याने नाव ठेवलं होतं ‘रस्टलेस’. तिथल्याच एका चाकू कारखान्यात व्हिनेगर लावून बघितल्यावर डाग पडत नाही म्हणून ‘स्टेनलेस’ हा शब्द निघाला आणि तोच टिकला. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कंपनीचे लोक क्रोमियमसोबत निकेल घालून वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचले होते. आपल्या घरातलं बहुतेक स्टील या दुसऱ्या घराण्यातलं.

आता मुद्द्याची गोष्ट. स्टेनलेस स्टीलमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास लोखंडच असतं. ते गंजत नाही, कारण त्यातलं क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन पृष्ठभागावर एक पातळ थर तयार करतं. किती पातळ? काही नॅनोमीटर. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज घ्या. स्टीलला ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळाला की हा थर पुन्हा आपोआप भरून येतो. त्यासाठी क्रोमियम किमान साडेदहा टक्के लागतं.

थोडक्यात, आपण गंज न लागणारा धातू विकत घेत नाही, स्वतःची कातडी स्वतः शिवणारा धातू घेतो. क्लोराइडचा उद्योग नेमका हाच. ते त्या कातडीला बारीक टोचे पाडतं. टोचा लहान आणि जागा मोकळी असेल तर ती भरून येते. पण तो एखाद्या फटीत असेल, वर धूळ-तेलाचा थर असेल, आत ऑक्सिजनच पोहोचत नसेल, तर भोक आतल्या आत खोल होत जातं. म्हणून गंज आधी दिसतो तो फटीत, वॉशरखाली, स्क्रूच्या डोक्याखाली. सपाट पत्रा शेवटी.

२०२, ३०४, ३१६

घरातला जेवणाचा डबा उलटा करून बघा. काहींवर ‘१८/८’ कोरलेलं सापडेल. म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. हार्डवेअरच्या दुकानात याच घराण्याला ‘३०४’ म्हणतात.

निकेल महाग. म्हणून त्यातलं बरंचसं निकेल काढून त्याऐवजी मँगनीज घातलेलं स्टील मिळतं, ते २०० सिरीज. त्यातलं २०२ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. २०२ हे बनावट स्टील नाही, हे आधी स्पष्ट करू. कोरड्या जागी ते वर्षानुवर्षं छान चालतं. पण याच सिरीजमध्ये त्याहून स्वस्त प्रकारही येतात, ज्यांत निकेल जवळपास नावापुरतं उरतं आणि क्रोमियमही कमी होतं. दुकानात या सगळ्यांना एकच नाव असतं: ‘एसएस’. गोम इथे आहे. ‘एसएस आहे’ हे वाक्य खोटं नसतं, पण त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. ‘गाडी आहे’ असं सांगण्यासारखं ते. स्कूटर की ट्रक, ते विचारायचं काम आपलं.

३१६ म्हणजे ३०४चाच भाऊ, पण त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. एवढ्याशा भरीने क्लोराइडसमोर टिकाव बराच वाढतो, म्हणून बोटींवर आणि समुद्राकडच्या रेलिंगला ते वापरतात. थेट समुद्राकडे तोंड असलेल्या बाल्कनीच्या दाराला, तिथल्या कडीला ३१६ घेण्यात अर्थ आहे. आतल्या कपाटाला नाही. आणि ३१६सुद्धा पुसावं लागतंच. किनाऱ्यावर चांगल्या स्टीलवरही चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग येतात. ते धुऊन जातात, धातूला सहसा खात नाहीत. पण पाहुणे ‘गंजलं वाटतं’ म्हणून जातात.

‘चुंबक लावून बघ’ हा सल्ला तुम्हाला प्रत्येक घरात एक तरी माणूस देईल. तो अर्धाच कामाचा आहे. ३०४ आणि २०२, दोन्ही चुंबकाला साधारणपणे चिकटत नाहीत. म्हणजे ज्या दोघांमध्ये फसगत होते, त्यांना चुंबक वेगळं करूच शकत नाही. उलट चांगलं ३०४सुद्धा थंड अवस्थेत वाकवलं-दाबलं की त्या वळणावर हलकंसं चिकटू शकतं. ४३० नावाचं निकेल नसलेलं स्टील चांगलं घट्ट चिकटतं, पण तेही अस्सल स्टेनलेसच. चुंबकाने एवढंच कळतं, की जोरात चिकटलं तर ते ३०४ नसावं, बहुधा साध्या लोखंडावर मुलामा असावा.

ग्रेड ओळखायचे ड्रॉप मिळतात. बाटलीतल्या रसायनाचा थेंब टाकायचा, छोट्या बॅटरीने करंट द्यायचा आणि रंग बघायचा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत मोठ्या खरेदीला जाणार असाल, तर दुकानदारालाच ती टेस्ट करून दाखवायला सांगा. लाजायचं काय त्यात? सोन्याच्या दुकानात हॉलमार्क विचारतोच ना. आणि काही झालं तरी बिलावर ‘एसएस’ नाही, ‘एसएस ३०४’ लिहून घ्या. आकडा लिहिताना पेन अडखळलं, तर उत्तर मिळालंच.

ऑटो हिंज घेताना आणखी एक बघा. ‘३०४’ लिहिलेल्या बिजागरीचा कप आणि हात ३०४चा असतो, पण आतली स्प्रिंग, रिव्हेट किंवा ॲडजस्टमेंटचा स्क्रू साधा असू शकतो. आधी तोच गंजतो. ‘सगळे पार्ट ३०४चे आहेत का?’ हा प्रश्न आवर्जून विचारा.

चमकतं ते सगळं क्रोमियम

आता हँडल. हातात घेतल्यावर जड लागतं, आरशासारखं चकाकतं आणि आपण ते स्टील समजून घेतो. बऱ्याचदा ते जस्त असतं. जस्तात चारेक टक्के ॲल्युमिनियम मिसळून साच्यात ओतलेला मिश्रधातू, नाव झामॅक. झिंक, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरं जोडून ते बनलंय. आपल्याकडे दुकानात ‘व्हाइट मेटल’ म्हणतात. तो वाईट नाही, उलट नक्षीदार, गोलाईचे आकार त्यातच नीट येतात. प्रश्न वरच्या मुलाम्याचा असतो. क्रोमचा तो चमकदार थर बहुतेक वेळा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. खरं राखणीचं काम त्याखालचं निकेल करतं, आणि स्वस्त मालात काटछाट नेमकी तिथेच होते, कारण ती दिसत नाही. मुलाम्याला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी ओल आत शिरते आणि खालचं जस्त फुगायला लागतं. जुन्या हँडलवर पुटकुळ्या आलेल्या पाहिल्यात ना? त्या आतून आलेल्या असतात, बाहेरून घासून उपयोग नाही.

सध्या इन्स्टावर सगळ्यांना हवी असलेली सोनेरी, रोझ गोल्ड, मॅट ब्लॅक हँडल्स दोन प्रकारची असतात. काहींवर नुसता रंग किंवा लॅकर असतो. तो नखाने नाही, पण वर्षभराच्या अंगठ्या-बांगड्यांनी निघतो. काहींवर पीव्हीडी असतो, म्हणजे निर्वात पेटीत धातूची वाफ करून दिलेला कठीण थर. पीव्हीडी जास्त टिकतो, पण खालचा धातू कोणता हा प्रश्न त्यानेही संपत नाही.

माल चांगला आहे हे सांगायला कंपन्या ‘सॉल्ट स्प्रे’चे तास छापतात. पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं, ३५ अंश तापमानाची पेटी, आणि नमुना किती तास टिकतो ते बघायचं. युरोपात दारांच्या हार्डवेअरसाठी ईएन १६७० हे मानक आहे. त्यात पहिली श्रेणी २४ तासांची, तिसरी ९६ची, पाचवी ४८०ची. या तासांचे वर्षांत भाषांतर करू नका, तसं होत नाही. पण दोन बिजागऱ्यांची तुलना करायला आकडा कामाचा आहे. ‘अँटी रस्ट’ छापलंय आणि तासांचा पत्ताच नाही, तर ते नुसतं विशेषण आहे.

आजीचं पितळ आणि घोड्यांचा तबेला

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जुन्या घरांतल्या पितळी कड्या-मुठी काळवंडतात, पण लोखंडासारख्या पापुद्रे सुटून झडत नाहीत. वरचा मळकट थरच आतल्या धातूला राखतो. म्हणून दर दिवाळीला चिंच लावून लख्ख करणं हे शोभेसाठी ठीक, धातूला त्याची गरज नसते. पितळाचं दुखणं वेगळं आहे. खाऱ्या ओलाव्यात कधी कधी त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे सच्छिद्र, गुलाबीसर तांबं उरतं. आकार तोच राहतो, ताकद जाते. बोटींसाठीच्या पितळात एखादा टक्का कथील घालतात ते यासाठीच. भांड्याला कल्हई करतात तेच कथील, पण इथे आतून.

पितळाची एक गोष्ट थेट आपल्या पावसाळ्याशी जोडलेली आहे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं भारतात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवली जायची आणि पावसाळा संपता संपता त्यांना तडे गेलेले असायचे. कोणी हात लावला नव्हता की वार केला नव्हता. या प्रकाराला इंग्रजीत ‘सीझन क्रॅकिंग’ असं ऋतूवरून नाव पडलं. १९२१मध्ये उलगडा झाला, की काडतुसं घडवताना पितळात ताण उरलेला असायचा आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवेच्या जोडीने, त्या ताणाच्या जागी पितळ फोडायचा. आता तबेला नाही, पण काचा पुसायच्या काही स्प्रेमध्ये अमोनिया असतो. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा आणि तसला स्प्रे पितळी मुठीवर मारू नका.

इथे कोणीतरी दिल्लीचा लोहस्तंभ काढणार, हे मला माहितीये. सोळाशे वर्षं उभा, गंजला नाही, मग आपली बिजागरी का? त्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे आणि त्याने पृष्ठभागावर राखणारा थर तयार होतो, हे आयआयटी कानपूरच्या प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनातून पुढे आलं. शिवाय तो मेहरौलीत उभा आहे, मरिन ड्राइव्हला नाही.

सगळं अडतं स्क्रूपाशी

माझ्या मते खरी गंमत आणि खरी फसगत स्क्रूमध्ये आहे. सात फुटी, चार दारांचं कपाट घ्या. दाराला चार याप्रमाणे बिजागऱ्या सोळा. एकीला कपाकडे दोन आणि प्लेटकडे दोन, असे स्क्रू चौसष्ट. बिजागरी चांगली ३०४ची आणली आणि हे चौसष्ट स्क्रू सुताराच्या खोक्यातले लावले, तर काय होतं?

१७६१मध्ये ब्रिटिश नौदलाने एचएमएस अलार्म या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारला, लाकूड पोखरणारे किडे दूर राहावेत म्हणून. वेस्ट इंडीजची फेरी करून दोन वर्षांनी जहाज परत आलं. तांबं छान होतं, पण ते ठोकलेले लोखंडी खिळे बहुतेक जागी गंजून लगदा झाले होते आणि पत्रा सुटत होता. थोडे खिळे मात्र धड होते. का? तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो काही ठिकाणी चुकून खिळा आणि पत्रा यांच्यामध्ये राहून गेला होता. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले, की त्यांची बॅटरी बनते आणि त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो. झिजणारा तुकडा लहान आणि दुसरा मोठा असेल, तर लहान फार वेगाने झिजतो. मोठ्या स्टेनलेस बिजागरीत साधा लोखंडी स्क्रू म्हणजे हुबेहूब तेच जहाज.

हाच नियम उलटा वापरला की फायद्याचा होतो. लोखंडावर जस्त चढवलं, की जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. जीआय पत्रा, जीआय पाइप यातला जीआय तोच. पण जस्त किती चढवलंय ते बघा. वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या मालावर थर पन्नास-साठ मायक्रॉनच्या घरात जातो, तर विजेने चढवलेल्या चकचकीत स्क्रूवर तो बहुतेकदा दहाच्या आसपास किंवा कमी असतो. बाजारातले सोनेरी-पिवळे स्क्रू पितळी समजून घेऊ नका. ते बहुधा जस्त चढवलेलं लोखंडच असतं. इथे मात्र चुंबक खरं सांगतो, पितळाला तो चिकटत नाही.

आणि ते काळे, अणकुचीदार स्क्रू? ते मुळात जिप्समच्या पार्टिशनसाठी असतात. वरचा काळा फॉस्फेटचा थर ओलाव्यापुढे फार तग धरत नाही. पण ते पटकन घुसतात, स्वस्त पडतात, म्हणून किचनपासून बाथरूमपर्यंत सगळीकडे लागतात. सुताराला दोष देऊ नका, त्याला दिवसाच्या हिशोबात काम संपवायचं असतं आणि स्क्रूचे वेगळे पैसे कोणी देत नाही. तुम्ही द्या. स्टेनलेस स्क्रूंचं खोकं स्वतः आणून त्याच्या हातात ठेवा. फक्त आधी बारीक ड्रिल मारायला सांगा, कारण स्टेनलेस स्क्रू नरम असतो, जोर केला की डोकं तुटतं.

सागवान किंवा बाभळीच्या लाकडात स्क्रूभोवती काळेनिळे डाग दिसले, तर ते पाण्याचे नाहीत. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग बनतो. हिरडा आणि लोखंड वापरून पूर्वी शाई करायचे, ती हीच क्रिया. तुमचं कपाट स्वतःची शाई बनवतंय इतकंच. पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू वापरले की प्रश्न मिटतो.

नवं घर, जुनं ॲसिड

नवीन फ्लॅटमध्ये एक प्रकार फार होतो. फर्निचर बसून झालेलं असतं आणि पझेशनच्या आदल्या आठवड्यात टाइल्सवरचं सिमेंट काढायला ॲसिड मारलं जातं. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. त्याची वाफ बंद घरात फिरते आणि समोर येईल त्या स्टीलवर बसते. त्यातही क्लोराइडच. महिन्याभरात कोऱ्या करकरीत बिजागऱ्यांवर ठिपके येतात आणि सगळे दुकानदाराला शिव्या घालतात. क्रम बदला. ॲसिडचं काम आधी, भरपूर पाण्याने धुणं, दोन दिवस खिडक्या उघड्या, मग हार्डवेअर. ग्रिलवाल्याचं कटिंग चालू असतानाही तेच. त्याच्या मशीनच्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे कण, ते नव्या हँडलवर चिकटून गंजतात आणि आपल्याला वाटतं हँडल गंजलं. टॉयलेट क्लीनरची आणि ब्लीचची बाटली सिंकखाली बिजागरीशेजारी ठेवायची सवय असेल, तर आजच जागा बदला. स्टीलवर लोखंडी तारेची घासणी नको, ओलं फडकं आणि साबण पुरे. पुसून कोरडं मात्र करा.

भाड्याच्या घरात आख्खं हार्डवेअर बदलणं आपल्या हातात नसतं. पण दार लोंबत असेल, तर गंजलेले स्क्रू बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. भोक सैल झालं असेल तर काडेपेटीच्या काड्या लाकडाच्या गोंदात बुडवून आत ठोका, रात्रभर सुकू द्या, मग स्क्रू मारा. सुतारही तेच करतात. फुगलेल्या बोर्डात हे चालत नाही, तिथे बिजागरी दोन इंच वर-खाली सरकवून घ्यावी लागते. खिळीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका आणि जास्तीचं पुसून घ्या. राहिलेल्या तेलावर धूळ बसते आणि धुळीत ओल. हे सगळं जूनच्या आधी.

आणि नव्या भाड्याच्या घरात शिरलात की भिंतीचे, पंख्याचे फोटो काढता ना, तसे प्रत्येक बिजागरीचे, चॅनेलचे, कडीचे काढा. दारं उघडून, टॉर्च लावून. त्याच दिवशी घरमालकांना व्हॉट्सॲप करून ठेवा. सिंकखालचा फोटो सगळ्यात आधी.